दुसरीचे टाके

"वास येतोय ना... माफ करा," तो म्हणाला आणि त्याने ते जाकीट काउंटरवर अगदी हलक्या हाताने ठेवलं, झोपलेलं मूल ठेवावं तसं.

मावशीने नाकाला रुमाल लावला. धाकटीने शिलाई मशीनवरून मान वर केली, आणि ओठांत धरलेल्या टाचण्या पडता पडता राहिल्या. समोर सहा फुटी माणूस. काळा शर्ट, खांद्यावरून खाली आलेले केस, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदलेल्या कवट्या आणि उजव्या अंगठ्याला भलंमोठं बँडेज. मारामारी करून आलेला दिसतोय, तिने मनातल्या मनात ठरवून टाकलं. पण आवाज मात्र असा मऊ, की कुणाला झोप लागली असेल तर मोडू नये.

"पाठीवरचा हा पॅच एका कोपऱ्यात सुटलाय," तो म्हणाला. "तेवढाच धरा. बाकीच्या टाक्यांना हात लावू नका, प्लीज. अंगठा असा झालाय म्हणून, नाहीतर मीच—"

"नाहीतर काय? तुम्ही शिवणार होतात?" मावशी खो खो हसली.

तो कानापर्यंत लाल झाला. धाकटीला त्याची जरा दया आली, जरा गंमत वाटली. हे असं दोन्ही एकदम वाटलं की समजावं, पाऊल घसरलं. पण तिला कोण सांगणार!

ती काही कुणाची लहान मुलगी नव्हती, चांगली सव्वीस वर्षांची होती. थोरली बहीण लग्न करून दुसऱ्या गावी गेली तरी ही धाकटी ती धाकटीच राहिली. मावशीच्या कपडे दुरुस्तीच्या दुकानात ती उसवलेल्याला टीप घालायची, सैल असेल ते घट्ट करायची, लांब असेल ते आखूड. गिऱ्हाईक कितीही वाकडं बोललं तरी हिचं आपलं गोड हसू. राग गिळण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

दुकानाच्या दारावर मावशीच्या अक्षरात पाटी होती, 'कपडे धुऊन आणावेत'. या माणसाने काही धुऊन आणलं नव्हतं. जुनी निळी जीन, बाह्या कापलेल्या, अंगभर कापडी पॅच, आणि वास तर असा की इस्त्रीसुद्धा मागे सरकेल. तेव्हा धाकटीने ते जाकीट मशीनमध्ये टाकलं. एकदा. मग पाण्याचा रंग पाहून पुन्हा एकदा.

तीन दिवसांनी तो आला. जाकीट उचललं, नाकाशी नेलं आणि तसाच उभा राहिला.

"धुतलंत?"

"दोनदा!" धाकटी अभिमानाने म्हणाली. "पहिल्या पाण्यात काय काय निघालं म्हणून सांगू..."

तो गिऱ्हाइकांच्या स्टुलावर खाली बसला. आणि मग हळूहळू, समजुतीच्या स्वरात, त्याने तिला सांगितलं. तो एका मेटल बँडमध्ये गातो. म्हणजे ओरडतो. आणि त्यांच्यात हे जाकीट कुणी धुत नाही. कधीच नाही. बाह्या कापल्या त्या दिवसापासून जो घाम, जी माती, जो पाऊस, दुसऱ्याच्या ग्लासातून जे काही सांडलं असेल ते, सगळं त्यात राहतं. धुतलेलं जाकीट म्हणजे कालचं पोर. याचं आठ वर्षांचं होतं.

"म्हणजे... मी आठ वर्षं धुऊन टाकली?"

"दोनदा," तो म्हणाला.

धाकटीने डोळे मिटले. आता हा काउंटर उलथवणार, नाहीतर काच फोडणार. पण काहीच फुटलं नाही. तिने एक डोळा उघडून पाहिलं, तर तो पुन्हा जाकिटाचा वास घेत होता.

"जाई आहे का ही?"

"डब्यावर नुसतं 'फुलांचा सुगंध' लिहिलंय."

"छान आहे," तो म्हणाला, भाजीत मीठ जास्त झालेलं असताना पाहुणा म्हणतो तसं.

"तुम्ही रागावला नाहीत?"

"तुमच्यावर? छे!"

हे 'तुमच्यावर? छे!' तेव्हा तिला फार गोड वाटलं. पुढे याच दोन शब्दांनी तिची झोप उडवली, ते वेगळं.

"आणि हे काय झालंय? मारामारी?" तिने अंगठ्याकडे बोट दाखवलं.

"मांजर चावलं. जनावरांच्या दवाखान्यात असतो मी." त्याने जाकीट घातलं. फुलांच्या वासाचा राक्षस दारापर्यंत गेला आणि वळला. "शनिवारी संध्याकाळी कार्यक्रम आहे आमचा. वास परत आणायचा तर सुरुवात करायला हवी... तुम्ही आलात तर बरं होईल. गुन्हा तुमचाच आहे."

*

कार्यक्रम एका जुन्या गोदामात होता. धाकटी निळा फ्रॉक घालून गेली आणि शे-दीडशे काळ्या शर्टांत एकटीच निळी दिसली. शेजारी जांभळ्या केसांची एक मुलगी होती. तिने न विचारताच धाकटीच्या हातावर कानात घालायचे बोळे ठेवले.

"पहिल्यांदा आलीस ना? घाल. आणि कुणी पडलं तर उचल. एवढाच नियम आहे इथला."

मग दिवे गेले, आणि तो आला. तो? त्या मऊ आवाजाच्या माणसाच्या छातीतून असा आवाज निघाला, की धाकटीच्या पायाखालची फरशी थरथरली. लोक त्याला 'खवीस' म्हणत होते, आणि नाव शोभत होतं. समोर पोरं एकमेकांना धक्के मारत होती, कुणी पडलं की दहा हात त्याला उचलून पुन्हा धक्के मारायला उभं करत होते. मागे एक दणकट बाई ड्रम बडवत होती, घामाने चिंब. तिचं नाव हातोडी.

शेवटचं गाणं सुरू झालं तशी सगळी गर्दी एका सुरात ओरडली. गाण्याचं नाव 'परत येऊ नकोस'. खवीस गुडघ्यांवर बसला होता, गळ्याच्या शिरा तटतटल्या होत्या, आणि तो कुणाला तरी सांगत होता, जा, परत येऊ नकोस, दारात उभी राहिलीस तरी ओळखणार नाही.

"कुणावर आहे हे?" धाकटीने त्या मुलीच्या कानात ओरडून विचारलं.

"कुणालाच माहीत नाही! आहे कुणीतरी. बघ ना, असा राग खोटा असतो का? इथे बेसूर चालतं गं, तारा तुटलेल्या चालतात. पण खोटा राग नाही चालत. लोक तिथल्या तिथे पाठ फिरवतात. खवीस कधी खोटं ओरडत नाही, म्हणून तर येतो आम्ही."

धाकटीने पुन्हा त्याच्याकडे पाहिलं आणि तिच्या पोटात काहीतरी टोचलं. आधी वाटलं भीती असेल. मग वाटलं भूक असेल. घरी जाऊन जेवली तरी टोचतच होतं, तेव्हा तिला कळलं. तिला हेवा वाटत होता. एका अनोळखी बाईचा, जिच्यावर तो इतका चिडला होता.

हसू नका. तिने हिशेब सरळ मांडला होता. मी त्याची आठ वर्षं धुऊन टाकली, तर तो म्हणतो 'छान आहे'. आणि त्या बाईने असं काय केलं, की अजून गुडघे टेकून ओरडतोय?

"मावशी, काका तुझ्यावर चिडतात का गं?" सोमवारी दुकानात काज करता करता तिने सहज विचारलं.

"रोज. ज्या दिवशी चिडत नाहीत, त्या दिवशी मी ताप आहे का बघते." मावशीने दोरा दाताने तोडला. "राग काय रस्त्यावरच्या माणसावर येतो? आपल्याच माणसावर येतो. परक्याला आपण 'असू दे, असू दे' म्हणतो."

झालं! धाकटीचं तोंड जे उतरलं, ते त्या दिवशी वर आलंच नाही.

*

तो मात्र येत राहिला. आठवड्यातून दोनदा, दवाखाना सुटला की. कधी शर्टाचं बटण तुटलेलं, कधी दुसऱ्या शर्टाचं. स्टुलावर बसून चहा प्यायचा, दिवसभराच्या गोष्टी सांगायचा. अमक्याच्या कुत्र्याने मोजा गिळला, तमक्याचा पोपट शिव्या देतो. धाकटी हसायची, आणि हसता हसता मनात म्हणायची, आज याला चिडवूनच सोडते.

एकदा तिने काळ्या शर्टाला मुद्दाम पिवळंधमक बटण लावलं.

"हे..." त्याने निरखून पाहिलं.

"काळी संपली होती," ती म्हणाली. काळ्या बटणांची बरणी काउंटरवर समोरच होती, काठोकाठ भरलेली.

"असू दे. उठून दिसतंय."

"राग नाही ना आला?"

"तुमचा? कशाला?"

पुढच्या कार्यक्रमात तो ते पिवळं बटण मिरवत स्टेजवर उभा. एकदा तिने त्याला बरोब्बर अर्धा तास दारात उभं ठेवलं. एकदा त्याच्या बाहीवर चहा सांडला, तोही पाहून सवरून. दर वेळी तेच, असू दे... असू दे. मावशीच्या भाषेत, परका तो परकाच!

"ही बटणं तुटलेली नाहीत गं," मावशी एकदा चष्मा कपाळावर सरकवून म्हणाली. "कापलेली आहेत. कात्रीने. बघ दोरा कसा सरळ आहे."

"कापेना का कुणीही," धाकटी फणकारली. आंधळ्याला डोळे द्यावेत, पण जळणाऱ्याला काय देणार?

कारण आता तिला नवंच दुखणं लागलं होतं. तो पाठीवरचा पॅच. खिशाची शिवण उसवली म्हणून जाकीट पुन्हा आलं होतं, तेव्हा तिने ते पहिल्यांदा नीट पाहिलं; मागच्या वेळी सुटलेला कोपरा मावशीनेच धरला होता. पॅच त्यांच्या बँडच्या नावाचा. आणि त्याच्या चारी बाजूंनी असे टाके, की तिने आयुष्यात पाहिले नव्हते. धावदोरा नाही, टीप नाही. प्रत्येक टाका सुटा आणि प्रत्येकाला आपली वेगळी गाठ. एवढ्या मोठ्या पॅचला एकेक गाठ मारत कुणीतरी तासन् तास बसलं होतं. असं कुणी शिवतं का? शिवतं. जीव असला की शिवतं. हा बाईचाच हात, धाकटीने निदान केलं, आणि बाई त्याच्यावर चांगलीच भाळलेली.

"कुणी शिवलंय हो हे?" तिने शक्य तितक्या सहज विचारलं.

तो चहात बघत राहिला. "आहे... एक जण. का? हात चांगला आहे ना?"

"बरा आहे," ती म्हणाली. तो उगाचच खूश झालेला दिसला, आणि तिच्या बोटात सुई घुसली.

ही एक जण कोण, तेही लवकरच कळलं. एका संध्याकाळी तो जाकीट द्यायला आला तो एकटा नव्हता. दुकानाच्या काचेबाहेर फुटपाथवर तो आणि हातोडी भांडत होते. आणि काय भांडत होते! हातोडी त्याच्या छातीवर बोट आपटत होती.

"दोन महिने झाले! नुसतं तोंड वासतोयस तू. राग कुठे गेला तुझा? लोकांना अजून कळलं नाही म्हणून, पण मला मागे बसून कळतं. खोटारडा झालायस!"

"मला कळत नाही का ते?" खवीस असा कडाडला की आतले हँगर हलले. "तू नको शिकवूस मला!"

"शिकवणार! शनिवारी पण असंच झालं तर मी काठ्या खाली ठेवणार!"

"ठेव!"

धाकटी काचेआड उभी. बघा, याला ओरडता येतं. चिडता येतं. अरे-तुरे करता येतं. नवरा-बायको भांडतात तसं भांडता येतं... फक्त माझ्याशी नाही. एवढ्यात हातोडी रागाने वळली, आणि तिच्याही जाकिटाची पाठ काचेसमोर आली. तोच पॅच. चारी बाजूंनी तेच टाके. सुटे सुटे, एकेक गाठीचे.

दोघांच्याही पाठीवर एकच हात. आता आणखी काय पुरावा हवा?

हातोडी आत आली ती हसतच, जणू बाहेर काही झालंच नव्हतं. "तूच ना ती, फुलांच्या वासाची? अख्खा बँड पोट धरून हसला होता!" तिने खवीसच्या हातातलं जाकीट ओढून काउंटरवर टाकलं. "खांदा तेवढा बघ. आणि पॅचला सांभाळून हां. त्या टाक्यांत जीव आहे याचा."

"शनिवारी चारला नेतो," खवीस म्हणाला. धाकटीकडे बघताना त्याचा आवाज पुन्हा मऊ झाला. तिला तो मऊपणा त्या क्षणी नकोसा झाला.

*

शनिवारी दुपारी मावशी पडद्यामागे आडवी झाली होती. खांदा शिवून झाला. जाकीट घडी घालून ठेवायचं, एवढंच काम होतं. धाकटीने घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मग तिने उसवायची कात्री घेतली.

आपण काय करतोय हे तिला नीट कळत होतं, उगाच तिची बाजू घ्यायची नाही. 'हात लावू नका' असं तो म्हणाला होता, तेही आठवत होतं. पण तिच्या मनात एकच होतं, त्याच्या पाठीवर दुसरीचे टाके नकोत. हे सगळे काढायचे आणि त्या जागी आपली टीप घालायची, घट्ट, बारीक, अशी की मरेपर्यंत सुटणार नाही. पहिली गाठ कापली तेव्हा तिने पडद्याकडे पाहिलं. दहावी कापली तेव्हा बरं वाटलं. गाठी मेल्या चिवट! एक सुटली तरी शेजारची हलत नव्हती. एकेक कापावी लागली.

शेवटची कापली आणि दार वाजलं. तो लवकर आला होता. हातात दोन चहा होते.

त्याने आधी तिला पाहिलं. मग टेबल पाहिलं. एकीकडे पॅच, एकीकडे जाकीट, मध्ये काळ्या दोऱ्यांचा ढिगारा. त्याने चहा खाली ठेवले.

"हे तू केलंस?"

तो ओरडला नाही. उलट आवाज इतका खाली गेला की मशीनची घरघर असती तर ऐकूच आला नसता. आणि 'तू'... दोन महिने 'तुम्ही-तुम्ही' करणारा माणूस! धाकटीच्या अंगावर सर्रकन काटा आला. गोदामातल्या गर्जनेने आला नव्हता असा.

"हो. मीच केलं."

"का?"

तिने नेहमीचं गोड हसू शोधलं. सापडलं नाही. त्याच्या जागी जे होतं तेच बाहेर पडलं.

"कारण मला बघवत नाही! तुमच्या पाठीवर दुसरीचे टाके मला बघवत नाहीत. हातोडीशी भांडता, त्या गाण्यातल्या बाईवर जीव तोडून ओरडता, आणि मी काहीही केलं तरी असू दे, असू दे! मी काय रस्त्यावरची आहे? आठ वर्षं धुतली, पिवळं बटण लावलं, चहा सांडला—"

"तो मुद्दाम सांडलास?"

"मग काय! आणि बरं झालं उसवलं. तिला सांगा, शिवायचं तर समोर बसून शिव म्हणावं!"

"कुणाला सांगू?"

"हातोडीला! तिच्या पाठीवरही तस्सेच आहेत, मी पाहिलेत."

"हातोडीला सुईत दोरा ओवता येत नाही," तो म्हणाला. "तिचं मी शिवलंय. आमच्या सगळ्यांची मीच शिवलीत. माझे आहेत ते टाके."

"तुमचे?"

"डॉक्टर आहे मी. जनावरांचा. तुला काय वाटलं?"

तिला वाटलं होतं की हा पिंजरे झाडत असेल. ते तिने सांगितलं नाही.

"जखमेचे टाके असेच घालतात, एकेक गाठीचे, म्हणजे एक सुटला तरी बाकीचे धरून ठेवतात. शेवटच्या परीक्षेच्या आधी हात बसत नव्हता माझा. त्याच आठवड्यात बँड सुरू झाला, पॅच आले. सगळ्यांची जाकिटं घरी नेली आणि बसलो. पहिल्यांदा वाटलं, जमतंय आपल्याला. दोन्ही जमतंय."

"मग सांगायचं होतं ना! मी विचारलं होतं."

"सांगणार होतो. पहिल्याच दिवशी. मावशी हसल्या." तो अजून तसाच, दगडासारखा उभा होता. "आणि आमच्यात तर वाकडेतिकडे टाके असले की म्हणतात खरा माणूस. असे नीट दिसले की म्हणतात विकतचं आणलंय. म्हणून बँडबाहेर कुणालाच सांगत नाही. पण ते राहू दे. माझे असोत, हातोडीचे असोत, उसवायचा हक्क तुला कुणी दिला?"

"कुणी नाही," धाकटी म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण तिने ते पुसले नाहीत. "मला हवा होता तो."

तिने हातातली कात्री खाली ठेवली.

"चुकलं माझं," ती हळूच म्हणाली. "टाके कापायला नको होते. ते तुमचे होते म्हणून नाही... कुणाचेही असते तरी." मग लगेच, कारण स्वभावाला औषध नाही, "पण ती गाण्यातली कोण?"

त्याने कितीही आवरलं तरी त्याच्या ओठांचा कोपरा हलला.

"कॉलेजातली होती. तिचा राग दोन कार्यक्रमांत संपला. जुना राग टिकत नाही, नासतो. मग एकदा दवाखान्याच्या फाटकाला कुणीतरी म्हातारं कुत्रं बांधून गेलं. जेवणाचं भांडंसुद्धा शेजारी ठेवलेलं. ते रोज फाटकाकडे तोंड करून बसायचं. तेव्हापासून तेच आठवून ओरडतो. असं दर महिन्याला कुणीतरी असतंच."

"मग हातोडी म्हणत होती राग गेला..."

"गेलाच होता." त्याने पहिल्यांदा नजर खाली घातली. "राग यायचा गं. पण संध्याकाळी इथे आलो, या स्टुलावर बसलो, की... उरायचाच नाही. स्टेजवर न्यायला काही शिल्लक नसायचं. दोन महिने मी खोटं ओरडतोय. आमच्यात याहून लाजिरवाणं काही नाही. हातोडी म्हणाली, त्या दुकानात जाणं बंद कर. मी म्हटलं, बँड बंद करेन."

धाकटीला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकतोय.

"म्हणजे... ते भांडण..."

"तुझ्यावरून होतं. अंगठा माझा कधीच बरा झालाय. बटणं मीच कापतो."

"मला माहीत होतं!" पडद्यामागून मावशीचा आवाज आला.

धाकटी हसायला लागली. रडता रडताच.

"हसू नकोस," तो म्हणाला. "मी अजून चिडलोय. आठ वर्षांचे टाके होते ते. भयंकर चिडलोय!" त्याने छातीवर हात ठेवला आणि त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य पसरलं. "अगं... खरंच चिडलोय मी."

"माझ्यावर?"

"तुझ्यावर."

"नक्की?"

"इतका की काय सांगू!"

धाकटीने नाक पुसलं. आयुष्यात कुणी तिला इतकं छान काही बोललं नव्हतं. तिने पॅच उचलला. "द्या, पटकन टीप मारून देते. शपथ, आतल्या बाजूने."

"मशीनने? माझ्या पाठीला?" तो खेकसला, अगदी हातोडीवर खेकसायचा तसा. मग तिची बोटं हातात घेऊन, जरा जपून, म्हणाला, "गाठ शिकवतो उद्या. तूच शिव. एकेक करून, सगळी. शिक्षा आहे ही."

"उद्या रविवार आहे. दुकान बंद असतं."

"म्हणूनच उद्या."

"चहा गार झाला," मावशी पडद्यामागून म्हणाली. "आणि दर शनिवारी काही ना काही उसवून ठेवत जा गं. पोराचं काम अडायला नको."

*

संध्याकाळी गोदाम भरलं होतं. खवीस आला तो पाठमोरा. जाकिटाच्या मधोमध पॅचच्या जागी कोरी गडद निळी चौकट, आणि शर्टावर ते पिवळं बटण. गर्दीत कुजबुज झाली. मग तो वळला.

शेवटचं गाणं सुरू झालं तेव्हा पहिल्याच ओळीला हातोडीने मागून मान वर करून पाहिलं, दात दाखवून हसली आणि काठी मोडेपर्यंत ड्रमवर तुटून पडली. आज तो खोटं ओरडत नव्हता. भिंती सांगत होत्या, पायाखालची फरशी सांगत होती. 'उसवलंस ते उसवलंस', अशी एक नवीनच ओळ त्याने मध्ये घुसडली, आणि दीडशे माणसं ती लगेच ओरडायला लागली. धाकटी निळ्या फ्रॉकमध्ये, कानात बोळे घालून, पॅच छातीशी धरून उभी होती. एवढ्या लोकांसमोर तिला शिव्या पडत होत्या, आणि ती नव्या नवरीसारखी लाजत होती.

"आज काय झालंय याला!" शेजारी जांभळ्या केसांची मुलगी डोळे पुसत ओरडली. "मी इतकी वर्षं येते, असा कधीच चिडला नव्हता. कोण असेल गं ती? मला तर जळफळायला होतं तिच्यावर. केवढी दुष्ट असेल!"

"दुष्टच आहे," धाकटी म्हणाली. "पण शिवायला शिकतेय."